नुसतं नाव पुरत नाही

ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये लेखकाच्या नावाबरोबर त्याचा व्यवसाय आणि कार्यक्षेत्रही नोंदवावं, ही मागणी आता नवी राहिलेली नाही. मार्क २१ या संगणकीय नोंदपद्धतीत लेखकाच्या नावाची एक स्वतंत्र नोंद असते. तिच्यात ३७२ क्रमांकाचा रकाना कार्यक्षेत्रासाठी आणि ३७४ क्रमांकाचा व्यवसायासाठी राखून ठेवला आहे. २०१० साली आलेल्या तालिकीकरणाच्या आरडीए नियमावलीनेही या दोन्ही गोष्टींना जागा दिली. आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांत कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालतं आणि त्यात हे रकाने भरता येतात. तरी बहुतेक ठिकाणी ते कोरेच असतात, आणि का, असं विचारलं तर कारणं तयार असतात. ती पोकळ नाहीत, म्हणूनच एकेक घेऊन तपासली पाहिजेत.

पहिला आक्षेप असा: ‘आम्ही पुस्तकाची नोंद करतो, लेखकाची कुंडली मांडत नाही. पुस्तक कशावर आहे ते वर्गांक सांगतो, तेवढं पुरे.’ आता ड्युई वर्गीकरण पद्धतीत मराठी कवितेचा वर्गांक ८९१.४६१. या एका आकड्याखाली मर्ढेकर, सुर्वे आणि कोलटकर तिघेही बसतात. मर्ढेकर आकाशवाणीत अधिकारी. सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. कोलटकर जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक. वर्गांकाला यातलं काहीही ठाऊक नाही. ‘गिरणीत काम केलेल्या कवींचं तुमच्याकडे काय काय आहे?’ असं एखाद्या विद्यार्थिनीनं विचारलं की संगणक गप्प बसतो आणि आतल्या खोलीतल्या जुन्या कर्मचाऱ्याला हाक मारावी लागते. त्याला सगळं पाठ असतं, पण तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर तो कॅटलॉगही निवृत्त होतो. ‘युगांत’ महाभारतावर आहे हे वर्गांक सांगेल. ते एका मानवशास्त्रज्ञ बाईंनी लिहिलंय, हे मात्र सांगणार नाही, आणि वाचकाला नेमकं तेच हवं असू शकतं.

दुसरा आक्षेप जुन्या शिस्तीतून येतो: दोन लेखकांची नावं सारखी निघाली तरच जादा तपशील द्यावा, एरवी कशाला? ही कसोटीच इथे चुकीची आहे. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) आणि नारायण हरि आपटे (१८८९–१९७१) यांची गफलत आजही होते. पण दोघेही कादंबरीकार! तिथे व्यवसाय लिहून काहीच उलगडत नाही, जन्ममृत्यूची सालंच उपयोगी पडतात. म्हणजे नावं वेगळी काढणं हे या रकान्यांचं मुख्य काम नव्हेच. वाचकाला नाव ठाऊक नसतानाही लेखकापर्यंत पोचवणं, हे त्यांचं काम. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा म्हणतो. तो नियम ज्याला नाव पाठ आहे अशा वाचकापुरताच आहे, असं कुणी म्हटलेलं नाही.

तिसरा आक्षेप: माणूस जन्मभर एकच काम करत नाही, मग लिहायचं काय? जे जे केलं ते, आणि केव्हा केलं तेही. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारामुळे त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी मरेपर्यंत चालवलं. त्यांच्या नोंदीत एकच शब्द लिहायचा तर ‘प्राध्यापक’ लिहिलं तरी अपुरं आणि ‘संपादक’ लिहिलं तरी अपुरं. पण नोंद अशी करता येते:

कर्वे, र. धों., १८८२–१९५३
व्यवसाय: गणिताचे प्राध्यापक (१९२५ पर्यंत), संपादक (१९२७–१९५३)
कार्यक्षेत्र: संततिनियमन, लैंगिक शिक्षण

इतकं स्वच्छ दिसतं. पोट कशावर भरलं आणि आयुष्य कशापायी वेचलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच रकाने दोन आहेत, आणि त्यांत आरंभ-अखेरीची सालं घालण्याची सोयही आहे. अडचण नोंदपद्धतीत नाही, एका शब्दात माणूस गुंडाळण्याच्या आपल्या सवयीत आहे.

चौथा आक्षेप सगळ्यांत वजनदार. आपल्याकडे व्यवसाय विचारणं म्हणजे आडून जात विचारणं. बलुतेदारीच्या मुलखात माणसापुढे त्याचं काम लिहिलं की वाचणारा पुढचं स्वतःच वाचतो. शिवाय लेखकाचं लिंग नोंदवू नये, अशी शिफारस २०२२ साली अमेरिकेतल्या सहकारी तालिकीकरणाच्या कार्यगटानेच केली. मग व्यवसाय तरी का नोंदवावा? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण फरक पाहा. लिंगाचा रकाना अनेकदा नाव पाहून, छायाचित्र पाहून, म्हणजे अंदाजानं भरला जात होता. व्यवसायाचा रकाना अंदाजानं भरायचाच नाही. ‘सुतार’ आडनावाच्या लेखकापुढे सुतारकाम लिहिणं हा निव्वळ आगाऊपणा ठरेल. वडिलांचा धंदा मुलाच्या नावावर चढवणंही तसंच. लेखकानं स्वतः छापून सांगितलेलं किंवा जाहीरपणे केलेलं काम तेवढं नोंदवायचं. सुर्व्यांनी आपलं कामगारपण कधी लपवलं नाही. ते त्यांच्या कवितेच्या गाभ्यात आहे. त्यांच्या वतीनं आपण संकोच करून ते गाळणं, हाही एक वरचढपणाच. उलट बहिणाबाईंसारख्या शेतात राबलेल्या बाईपुढे ‘गृहिणी’ लिहून मोकळं होणं, हा त्या राबण्यावर अन्याय. न लिहिल्यानं भेदभाव टळत नाही. मोठ्या हुद्द्याची माणसं परिचयातून, पुरस्कारांतून लक्षात राहतातच. विसरली जातात ती हातानं काम करणारी.

उरला शेवटचा आक्षेप: ‘हे सगळं इंटरनेटवर मिळतं, आणि आमच्याकडे माणसं कुठं आहेत?’ इंटरनेटवर मिळतं ते प्रसिद्धांचं. निवृत्त तलाठ्यानं लिहिलेला गावाचा इतिहास, परिचारिकेच्या आठवणी, एसटी कंडक्टरचा कथासंग्रह, यांच्या लेखकांची माहिती जगात बहुधा एकाच जागी छापलेली असते: त्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर. आणि आपण ग्रंथालयवाले त्याचं काय करतो? पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडरकडे धाडतो. तो मूळ मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ काढून टाकतो, जाड पुठ्ठा चढवतो, पाठीला कापड लावतो. पुस्तक टिकतं, लेखकाचा परिचय रद्दीत जातो. म्हणून माणसं कमी आहेत, ही सबब इथे उलटते. दाखल क्रमांक टाकताना पुस्तक हातात असतंच. त्याच वेळी मागचं पान पालथं करून दोन ओळी भरायला फारसं लागत नाही. तीच माहिती वीस वर्षांनी शोधायची म्हटली तर कितीही माणसं अपुरी पडतील. शं. ग. दात्यांची १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची १९४४ साली छापली गेली. तेव्हा संगणक नव्हता.

खंडन झालं. आता काय करावं, तेही सांगतो. व्यवसाय आणि कार्यक्षेत्र वेगवेगळं नोंदवावं. शक्य तिथे काळ द्यावा. माहिती कुठून घेतली ते प्रत्येक नोंदीत लिहावं. आधार नसेल तर रकाना कोरा ठेवावा. आडनाव, गाव, घराणं यांवरून काहीही ताडू नये. हयात लेखकानं एखादी गोष्ट काढायला सांगितली तर ती काढावी. आणि मराठी ग्रंथालयांनी मिळून व्यवसायांच्या नावांची एक सामाईक यादी करावी. नाहीतर एका ठिकाणी ‘नर्स’, दुसऱ्या ठिकाणी ‘परिचारिका’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘सिस्टर’ असं होऊन शोधणाऱ्याच्या हाती तिसरा हिस्साच लागेल.

जुना साठा आज हाती घेऊ नका, तो हळूहळू होईल. पण आज दाखल होणारं पुस्तक आणि उद्या बाइंडिंगला जाणारं पुस्तक, एवढी दोन तरी या नोंदीवाचून सोडू नका.