पडदा विझल्यानंतरचा तास

जानेवारी आला की शाळेच्या उपक्रम नोंदवहीत दोन तारखा हमखास येतात : ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती आणि २४ जानेवारीचा राष्ट्रीय बालिका दिन. पूर्वी या दिवशी भाषणं, वेशभूषा आणि प्रभातफेरी होई. आता अनेक शाळांत प्रोजेक्टर किंवा स्मार्ट टीव्ही आला आहे, त्यामुळे ‘मुलगा-मुलगी समान’ या विषयावरचा एखादा लघुपट दाखवण्याची पद्धत रूढ झाली आहे. लघुपट संपतो, टाळ्या वाजतात, फोटो व्हॉट्सॲप गटावर जातात, अहवाल भरला जातो. दुसऱ्या दिवशी वर्ग झाडायला मुली उठतात आणि बाकं हलवायला मुलगे.

शिक्षकांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. वेळ कमी, अहवाल जास्त आणि विषय नाजूक. अशा वेळी पडद्यावर कुणीतरी आपल्या वतीने बोलतंय, हा मोठाच आधार वाटतो. पण ज्या संस्थांनी याच कामात वर्षानुवर्षं घालवली, त्यांचा अनुभव सांगतो की चित्रफीत विषयाला तोंड फोडते, पुढचं काम माणसालाच करावं लागतं.

‘ब्रेकथ्रू’ या संस्थेचा प्रवास या दृष्टीने समजून घेण्यासारखा आहे. मल्लिका दत्त यांनी २००० साली ती सुरू केली, तीच मुळात गाण्यापासून. ‘मन के मंजीरे’ या संगीतसंग्रहातलं शीर्षकगीत शुभा मुद्गल यांनी गायलं आणि त्याच्या चित्रफितीत मीता वशिष्ठ मालट्रक चालवताना दिसल्या. अत्याचाराचं घर सोडून चालक झालेल्या एका बाईच्या खऱ्या आयुष्यावर ती चित्रफीत बेतली होती. त्या काळात संगीतवाहिन्यांवर बाईच्या हाती ट्रकचं स्टिअरिंग दिसणं हीच मोठी बाब होती.

२००८ मध्ये याच संस्थेची ‘बेल बजाओ’ मोहीम आली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला होता, तरी शेजारच्या घरातला आवाज ‘त्यांचा घरगुती मामला’ म्हणूनच ऐकला जात होता. या जाहिरातींचं वैशिष्ट्य असं की त्यांत मार खाणारी बाई जवळजवळ दिसतच नाही. ऐकू येतो तो बंद दाराआडचा आवाज, आणि कॅमेरा असतो तो ऐकणाऱ्या पुरुषावर. तो उठतो, बेल वाजवतो, काहीतरी किरकोळ निमित्त सांगतो. एका जाहिरातीत तो फोन करायचा आहे म्हणतो आणि तेवढ्यात त्याचाच मोबाइल वाजतो. दार उघडणाऱ्याला काय समजायचं ते समजतं. उपदेशाचं एक वाक्यही नाही, पण पाहणाऱ्याला करता येईल अशी एक साधी कृती मात्र आहे. मोहीम दूरदर्शन संचापुरती थांबली नाही. व्हिडिओ व्हॅन गावोगावी फिरल्या, महाराष्ट्रातही आल्या. गाडीसोबत माणसं होती, खेळ होते, पथनाट्यं होती, प्रश्नोत्तरं होती.

पुढे संस्था वर्गात शिरली, आणि शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा तिथला आहे. हरियाणातल्या सोनिपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर या जिल्ह्यांतल्या ३१४ सरकारी शाळा अभ्यासासाठी निवडल्या गेल्या. त्यांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या १५० शाळांत संस्थेने अडीच वर्षं, दर तीन आठवड्यांनी ४५ मिनिटांचा तास घेतला. या तासांत मुख्य भर चर्चेवर होता. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन यांनी केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाले. मुलामुलींच्या विषमतेकडे झुकणाऱ्या मतांपैकी १६ टक्के मतं समतेच्या बाजूला वळली. मुलगे घरकामात जास्त हात लावतो असं सांगू लागले. उपक्रम थांबल्यानंतर दोन वर्षांनीही हा परिणाम टिकून होता.

१६ टक्के हा आकडा कुणाला लहान वाटेल. पण घर, नातेवाईक, गाव आणि मोबाइल रोज उलट दिशेने शिकवत असताना पाऊण तासाच्या अधूनमधूनच्या तासांनी एवढं साधलं, हे लक्षात घ्यावं. आणखी एक बाब तितकीच बोलकी आहे. मतं मुलींचीही बदलली, पण वागण्यातला बदल मुलग्यांत अधिक दिसला. मुलग्याने भांडी घासायची ठरवली तर त्याला अडवणारं फारसं कुणी नसतं. मुलीने पुढे शिकायचं किंवा एकटीने बाहेर जायचं ठरवलं, तर त्यासाठी घरातल्या चार जणांची मान हलावी लागते. म्हणून हा विषय ‘मुलींसाठी’ म्हणून राखून ठेवणं आणि त्या तासाला मुलग्यांना मैदानावर पाठवणं ही घोडचूक आहे.

हरियाणा दूर आहे असं मानायचंही कारण नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे हरियाणात ८३४ मुली होत्या. आपल्या बीड जिल्ह्यात त्या ८०७ होत्या.

नुसती चित्रफीत दाखवली आणि पुढे बोललंच नाही, तर काय होऊ शकतं? याचं उत्तर आपल्याच देशातल्या एका गाजलेल्या मालिकेने दिलं आहे. १९८४-८५ मध्ये दूरदर्शनवर १५६ भाग चाललेली ‘हम लोग’ ही प्रबोधनासाठीच योजलेली मालिका होती. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांतून लोकशिक्षणाची जी रीत घालून दिली, तिच्यावर ती बेतली होती. त्यातली भागवंती म्हणजे दारुड्या नवऱ्याचं आणि सासूचं सगळं निमूट सोसणारी बाई. हे सोसणं चुकीचं आहे, असं प्रेक्षकांना वाटावं यासाठी ती घडवलेली होती. पण अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात आढळलं की कितीतरी प्रेक्षकांना तीच आदर्श गृहिणी वाटली. आणि हे अशोककुमारांसारखा लाडका नट प्रत्येक भागाच्या शेवटी येऊन दोन शब्द समजावून सांगत असताना! प्रेक्षक पडद्यावर आपल्या घरातलंच माप घेऊन बसतो. ते माप त्याच्या हातून कुणी काढून तपासलं नाही, तर चांगला लघुपटही जुन्याच समजुतीला खतपाणी घालू शकतो.

मुंबईत १९९३ पासून पुरुषांबरोबर काम करणारी ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’, म्हणजेच ‘मावा’, ही संस्था महाविद्यालयांत ‘समभाव’ हा फिरता चित्रपट महोत्सव नेते. तिथेही चित्रपटाइतकंच मोल त्यानंतरच्या संवादाला असतं. हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मार्ग आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा नाही. ‘मर्द असण्याचा तुला स्वतःला काय त्रास होतो?’ या दिशेने ते तरुणांना बोलतं करतात. वर्गातल्या मुलग्यांसाठी हे दार सर्वांत आधी उघडावं, असं आम्हालाही वाटतं. रडलास तर बायल्या, स्वयंपाकघरात गेलास तर बायल्या, मार खाऊन आलास तर बायल्या, हे चौथी-पाचवीतल्या मुलग्याने पुष्कळदा ऐकलेलं असतं.

मग या महिन्यात आपण काय करावं? थोडक्यात सांगतो.

लघुपट पाच-दहा मिनिटांचाच निवडा. शेवटी ज्यात मोठं माणूस बोध सांगतं, तो टाळा, कारण बोध ऐकला की मुलं विचार थांबवतात आणि अपेक्षित उत्तर देतात. आधी स्वतः दोनदा पाहा. शक्य असेल तर शेवटाआधी थांबवा आणि ‘आता ही काय करेल?’ असं विचारा. पहिला प्रश्न मताचा नसावा. ‘काय काय दिसलं, कोण कुठे बसलं होतं, कोण आधी जेवलं?’ असं विचारलं की मागच्या बाकावरचं मूलही बोलतं. वरच्या वर्गांत सुरुवातीला मुलींचे आणि मुलग्यांचे गट वेगळे ठेवा, मग एकत्र आणा.

चर्चा पात्रांबद्दलच राहू द्या. ‘तुझ्या घरी काय होतं?’ हा प्रश्न भरवर्गात कधीही विचारू नका. पात्राच्या आडून मूल जे सांगू शकतं, ते नाव घेऊन विचारलं की आत जातं. कुणी नंतर एकटं भेटून काही सांगितलं, तर शांतपणे ऐका आणि ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक शिक्षकखोलीच्या भिंतीवर लावलेला असावा.

प्रोजेक्टर नसेल तरी अडत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा मिळून भाजी निवडत असल्याचं चित्र आलं. अशा एका चित्रावरही चांगला तास होतो. जाहिराती, वर्तमानपत्रातले फोटो, मालिकांचे फलक हे साहित्य तर रोज हाताशी आहे.

शेवटी, पडद्यापेक्षा मोठं दृश्य शाळेचंच असतं. पाहुण्यांना ओवाळायला ताट कुणाच्या हातात असतं, ध्वनिक्षेपक कोण जोडतं, सहलीत पुढची जागा कुणाला मिळते, हजेरीत कुणाची नावं आधी येतात, सभेचा चहा कोणत्या सहकारी करतात, हे मुलं वर्षभर बघत असतात.

पंजाब आणि ओडिशात ‘ब्रेकथ्रू’च्या हरियाणातल्या तासांच्या स्वरूपाचा अभ्यासक्रम सरकारी शाळांनी स्वीकारला आणि तो शिकवण्याचं काम शिक्षकांकडेच आलं. आपल्याकडे आदेशाची वाट पाहायची गरज नाही. वेळापत्रकात महिन्याला एक तास काढायला मुख्याध्यापकांची संमती पुरते. यंदा ३ जानेवारीला लघुपट जरूर दाखवा, पण त्याच दिवशी फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलच्या तासांच्या तारखाही फळ्यावर लिहा. त्या तासांत काय घडलं, काय फसलं, मुलं काय म्हणाली, ते आम्हाला कळवा. मुलांची नावं वगळून ते अनुभव आम्ही या मासिकात छापू.