बक्षिसाची सोंगटी

विशेष शिक्षणाच्या वर्गांत मुलानें सांगितलेलें काम केलें म्हणजे त्यास सोंगटी देतात. ठराविक सोंगट्या जमल्या कीं आवडीचा खेळ मिळतो. ह्या रीतीनें पुष्कळ मुलांस वळण लागतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु १९७३ सालीं अमेरिकेंत लेपर व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, बक्षिसाच्या बोलीवर चित्रें काढणारीं बालकें पुढें आपण होऊन चित्रें कमी काढूं लागलीं. म्हणून जेथें मूळचीच गोडी आहे, तेथें लालूच नको. जेथें पाऊल अडतें, तेथेंच सोंगटी तत्काळ द्यावी, व संवय जडतांच हळूहळू कमी करावी. शिवाय, गोंगाट असह्य होऊन जें मूल कान झांकून उठतें, त्याची सोंगटी रोखणें म्हणजे दुःखास शिक्षा करणें होय. पालकहो, अशा वेळीं आधीं गोंगाट थांबवावा. सोंगट्यांचा हिशेब मागाहून करावा.