गांधीलमाशीचा घोडा झाला, त्याची गोष्ट

घागरीला गळा असतो, करवतीला दात असतात, नारळाला डोळे असतात आणि खुर्चीला तर हात, पाय, पाठ सगळंच असतं. आपली गाडी रुसते, मिक्सर कुरकुरतो, जुना फ्रिज रात्री कण्हतो. बी.ए.ला असताना आम्हाला 'चेतनगुणोक्ती' नावाचा अलंकार होता. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं म्हणायचं, की झाली चेतनगुणोक्ती. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. पुढे लग्न, संसार, बचत गटाचं काम यात इतकी वर्षं गेल्यावर आता लक्षात येतंय, की आमच्या पिंपरी-चिंचवडच्या निम्म्या कारखान्यांत हा अलंकार पत्र्यातून घडवला जातो. आणि तो कुणाकडे बघून घडवला जातो, हे तुम्ही-आम्ही बायकांनी जरा तपासायला हवं.

आता चेतकचंच बघा ना. माझ्या पिढीच्या चिंचवड-आकुर्डीकरांना चेतक म्हटलं की आधी स्कूटर आठवते, राणा प्रतापांचा घोडा मागून येतो. पण ही स्कूटर जन्मली तेव्हा घोडा नव्हतीच मुळी! दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या पियाज्जो कंपनीनं १९४६ मध्ये एक नवी दुचाकी काढली. मधली कंबर बारीक, मागचा भाग फुगीर आणि आवाज गुणगुणल्यासारखा. मालकांनी ती पाहिली आणि ही तर गांधीलमाशी दिसते म्हणाले, असं सांगतात. इटालियन भाषेत गांधीलमाशी म्हणजे व्हेस्पा. तेच नाव पडलं. हीच व्हेस्पा १९६० च्या दशकात बजाज परवान्यावर बनवू लागलं. १९७१ साली तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. अंगकाठी बरीचशी तीच, मागचे दोन फुगीर डबे तेच. बदललं ते रूपक. इटलीतल्या तरुणाला जी चपळ, थोडी खट्याळ गांधीलमाशी वाटली, तीच आकुर्डीत धन्यासाठी जीव देणारा घोडा झाली.

मला हे फार विलक्षण वाटतं. वस्तू तीच, पण तिच्याकडून आपली अपेक्षा पार बदलली. गांधीलमाशीवर कुणी गॅसचं सिलिंडर ठेवलं असतं का? घोड्यावर मात्र आपण सगळं लादलं. पुढे उभं पोरगं, मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली आई, तिच्या मांडीवर तान्हं, हँडलला भाजीची पिशवी. सुरू होत नसेल तर बाबा तिला एका अंगावर कलती करायचे, पुन्हा किक मारायचे आणि मग ती फुरफुरत उठायची, अगदी घोड्यासारखी. दसऱ्याला झेंडूची माळ आधी तिला, मग दाराला. १९८९ मध्ये 'हमारा बजाज'ची जाहिरात टीव्हीवर आली तेव्हा मी शाळेत होते. त्या जाहिरातीत गाडीचं यंत्र कसं आहे, हे कुणी समजावून सांगत नव्हतं. घरंच दाखवली होती. घोडा एव्हाना घरातलं माणूस झाला होता.

पुढे बाजार बदलला. २००९ मध्ये कंपनीनं स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं. जानेवारी २०२० मध्ये विजेवरची नवी गाडी आणली, तेव्हा नाव पुन्हा चेतकच! ती फुरफुरत नाही, कलती करावी लागत नाही, घोड्याचं काहीच तिच्यात उरलेलं नाही. तरी आमच्या सोसायटीतले एक आजोबा तिच्या सीटवर थोपटून आले. रूपक इतकं चिवट असतं.

कंपन्यांनीच हे शोधून काढलं असं मात्र समजू नका. पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कधी गेलात तर पाय घासायच्या वज्र्या मुद्दाम बघा. टाच घासायची ती एवढीशी वस्तू, पण तिच्या मुठीवर पक्षी बसवलेले. अडकित्ते तर काय एकेक! ते घडवणाऱ्या कारागिराला कुणी मार्केटिंग शिकवलं नव्हतं. दिवसभर उभं राहून भेगाळलेल्या पायांशी जिचा संबंध, तिच्या हातात क्षणभर एक मोर यावा, एवढंच त्याला कळलं असावं. कधी कधी तर रूपक गिऱ्हाईकच देतं. टाटांनी २००५ मध्ये छोटा टेम्पो काढला, सुरुवातीला तो पिंपरीतच बनायचा. कंपनीनं नाव ठेवलं 'एस', म्हणजे पत्त्यातला एक्का. लोकांनी म्हटलं, छोटा हाथी. पत्त्यातल्या एक्क्यावर कोण कोथिंबिरीच्या जुड्या आणि पोराच्या लग्नाचा मांडव लादणार? हत्तीवर लादता येतो. आज एक्का कुणाला आठवत नाही.

इथवर सगळं गोड आहे. माझा आक्षेप पुढे सुरू होतो.

२००१ मध्ये चाकणची पल्सर आली. टाकी छातीसारखी पुढे काढलेली, खांदे रुंद, आणि घोषवाक्य 'डेफिनिटली मेल'. म्हणजे नक्कीच पुरुष. इतका रोखठोक अलंकार मी मराठीच्या पुस्तकातही वाचला नव्हता. गाडी तुफान खपली, आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाला ती हवी होती. पण गंमत अशी, की या पौरुषाच्या मागे बघायला गेलं तर बायका सापडतात. महिंद्राची एक्सयूव्ही ५०० ही २०११ मध्ये चाकणहून निघालेली गाडी चित्त्यावरून घडवली होती. दाराची मूठ म्हणजे चित्त्याचा पंजा, मागच्या चाकावरचा फुगवटा म्हणजे झेप घ्यायला दबलेली मांडी. हे डिझाइन ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं, त्या रामकृपा अनंतन, एक बाई. २०१६ मध्ये बजाजची डॉमिनार आली. नावातच दांडगाई, पण चाकणला तिची जुळणी बायकांची तुकडी करत होती. टाटांच्या पुण्याच्या कारखान्यातही हॅरियर आणि सफारी बायकांच्या लाइनवर तयार होऊ लागल्या. एक शिकारी पक्षी, दुसरी रानातली भ्रमंती, आणि जोडणाऱ्या हजारावर मुली, कुणी परभणीच्या तर कुणी बीडच्या. याच कंपनीच्या १९७४ मधल्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. ते वाचून सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि तिथल्या पहिल्या महिला इंजिनीअर झाल्या. तिथपासून इथवर आलो, हे काही थोडं नाही.

पण गाडी जोडणाऱ्या मुलीला स्वतःची गाडी घ्यायची झाली तर काय होतं, ते सांगते. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक आयटीआय करून चाकणला एका कंपनीत लागली. कंपनीची बस शिफ्टच्या वेळेला सोयीची पडेना, म्हणून स्कूटर घ्यायचं ठरलं. "काकू, तुम्ही पण चला," म्हणाली. शोरूममधल्या मुलानं आम्हाला बघितलं आणि सरळ एका कोपऱ्यात नेलं. गुलाबी, जांभळी, फुलं काढलेली. "मॅडम, ही खास लेडीजसाठी. एकदम हलकी, फुलपाखरासारखी."

ती शांतपणे म्हणाली, "दादा, तळेगाव चौकात शेजारून ट्रेलर जातो ना, तेव्हा गाडी जमिनीला धरून राहायला पाहिजे. फुलपाखरू काय कामाचं?"

मग ती खाली बसली आणि बोल्ट बघायला लागली. टॉर्क मारून झाला की त्यावर मार्करची खूण करतात म्हणे, ती खूण आहे का ते तपासत होती. तो मुलगा बघतच राहिला. शेवटी राखाडी रंगाची, चांगली भारदस्त स्कूटर घेतली. "ही जास्त करून जेन्ट्स घेतात," असं त्यानं पावती फाडतानाही सांगितलंच.

गुलाबी रंगावर माझा राग नाही, माझ्या दोन साड्या गुलाबी आहेत. राग आहे तो आपल्या वाट्याला येणाऱ्या रूपकांच्या टंचाईवर. पुरुषाला घोडा, चित्ता, ससाणा. आपल्याला फुलपाखरू, कळी, फार तर परी. यातल्या एकीनेही कधी नाशिक हायवे ओलांडला असेल असं वाटत नाही. जी वस्तू नाजूक म्हणून विकली जाते ती बऱ्याचदा अंगानंही नाजूकच केलेली असते, हेही ध्यानात ठेवा. रूपक नुसतं रंगात राहत नाही, ते वजनात, चाकात, ब्रेकमध्ये उतरतं.

आणि मैत्रिणींनो, दुसऱ्यांना बोलताना आपलंही ताट बघायला हवं. आमच्या गटाच्या मसाल्यांच्या पाकिटांवर कित्येक वर्षं छापलंय, 'आईच्या हातची चव'. पवनाथडी जत्रेत जा, दर तिसऱ्या स्टॉलवर आई, आजी नाहीतर माहेर सापडेल. लोकांना भरून येतं, पाकीट हातात घेतात. मग किंमत बघून म्हणतात, "घरचंच तर आहे, एवढे पैसे?" एका गृहस्थांनी तर हसत विचारलं, "आई कधी पैसे घेते का हो?" मला वाटतं, आमचं गणित तिथेच चुकत होतं. आई हे रूपक मायेचं आहे तसंच फुकट कष्टांचंही आहे. मिरच्या निवडताना डोळ्यांची आग होते, भाजताना ठसका लागतो, कांडपाला रांग लावावी लागते, आणि पाकिटावरची आई मात्र हसतमुखानं उभी. तिला मजुरी कोण देणार?

म्हणून यंदा लेबल बदलायचं ठरलंय. आई काढायची, हे बहुमतानं मंजूर झालं, तेही तासभर भांडून. तिच्या जागी काय, यावर घोडं अडलंय. आमच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, "मुंगी टाका. आपल्यासारखीच आहे, अंगापेक्षा जास्त ओझं वाहते." सगळ्यांना पटलं होतं. तेवढ्यात हिशेब ठेवणारी म्हणाली, "मसाल्याच्या पाकिटावर मुंगी? लोक उघडून चाळत बसतील." पुढची बैठक सोमवारी आहे.