‘मला उशीर झाला’ आणि ‘मी लेट झालो’ : मराठी वाक्यांतल्या इंग्रजी वेळेचा इतिहास

१/
‘गाडी दहा मिनिटे लेट आहे.’ ‘टायमावर ये.’ ‘आज ओव्हरटाइम आहे.’ ‘एक सेकंद थांब.’ ही वाक्ये मराठी म्हणावीत का? भाषाशुद्धीचे आग्रही नाही म्हणतील. माझे मत निराळे आहे. यांतले बहुतेक शब्द आळसामुळे आलेले नाहीत. ते एका नव्या प्रकारच्या वेळेसोबत आले आणि ती वेळ आपल्यावर कोणी, कशी बसवली याची खूण आजही अंगावर बाळगून आहेत. या धाग्यात तो इतिहास पाहू.

२/
आधी जुनी व्यवस्था. अहोरात्र म्हणजे ६० घटका. एक घटका ६० पळांची, म्हणजे आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की घटका झाली. ‘त्याची घटका भरली’ हा वाक्प्रचार तिथला. ‘तास’ म्हणजे मुळात ठोके देण्याची धातूची थाळी. आपण अजूनही ‘पाच वाजले’ म्हणतो, कारण वेळ डोळ्यांआधी कानांना कळत असे.

३/
यात पूर्व-पश्चिम असा भेद काढण्याची घाई नको. इंग्रजीतला ‘क्लॉक’ हा शब्दही घंटेच्या नावावरूनच आला आहे. ‘मिनिट’ आणि ‘सेकंद’ यांचे मूळ लॅटिन आहे: तासाचा पहिला सूक्ष्म भाग आणि दुसरा सूक्ष्म भाग. मराठीने हे दोन्ही शब्द घेतले आणि त्यांची धार बोथट केली. ‘दोन मिनिटे बसा’ म्हणणारा यजमान घड्याळ लावून बसत नाही. पूर्वी ‘घटकाभर टेका’ म्हणत, तेच हे आतिथ्य.

४/
खरा बदल मोजमापात झाला नाही. तो हुकमतीत झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. रेल्वेला वेळापत्रक लागते आणि वेळापत्रकाला सर्व स्थानकांवर एकच वेळ. पुढे देशभरच्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. शहराच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर निघालेला मुंबईकर स्थानकावर पोहोचेपर्यंत ‘लेट’ ठरू शकत होता.

५/
१८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने हीच मद्रास वेळ मुंबईच्या सरकारी व्यवहाराला लावली. होय, पुण्यातले फर्ग्युसन महाविद्यालय ज्यांच्या नावाचे आहे तेच हे गृहस्थ. शहरातून विरोध झाला आणि १८८३ मध्ये सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. घड्याळाचा काटा कोणी फिरवायचा, हा प्रश्न तेव्हाच राजकीय झाला होता.

६/
१९०६ च्या आरंभी तो पुन्हा पेटला. ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे असलेली ‘स्टँडर्ड टाइम’ सरकारने लागू केली. मुंबईची आपली वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. म्हणजे घड्याळ ३९ मिनिटे पुढे सरकले. सूर्य मात्र सरकला नाही. गिरणीत भल्या पहाटे हजर होणाऱ्या कामगाराला त्याच आकड्याला आता ३९ मिनिटे आधी, अधिक अंधारात घर सोडायचे होते. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम नाकारले, दगडफेकही झाली. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नाही.

७/
जरा कल्पना करा: एकाच शहरात स्थानकाचे घड्याळ एक वेळ दाखवते, पालिकेचे दुसरी. तिथे नुसते ‘किती वाजले?’ विचारून भागत नाही, ‘कोणता टाइम?’ असेही विचारावे लागते. ‘वेळ’ हा शब्द संस्कृत ‘वेला’पासून आला. त्याचा अर्थ मर्यादा, किनारा, योग्य घडी. म्हणून ‘वेळ’ येते, पडते, साधते, टळते, कातरवेळ असते. ‘टाइम’ मात्र कोणीतरी ठरवून दिलेला असतो. हे दोन शब्द मराठीत शेजारी शेजारी टिकले, कारण ते दोन निरनिराळ्या गोष्टींची नावे होते, असा माझा तर्क आहे.

८/
गिरणगावच्या बोलीत हा भेद अधिक स्पष्ट दिसतो. ‘भोंगा’, ‘पाळी’, ‘रातपाळी’, ‘खाडा’, ‘सुटी’ हे शब्द कामगाराच्या अनुभवाचे आणि ते त्याच्या भाषेतच राहिले. ‘टाइमकीपर’, ‘ओव्हरटाइम’, ‘लेट मार्क’, ‘मस्टर’ हे वहीतले शब्द. वही ज्याच्या हाती, शब्द त्याचे. ही रेघ काटेकोर नाही. ‘हजेरी’ हाही नोंदवहीचाच शब्द, पण त्याआधीच्या फारसी दप्तराचा. म्हणजे राज्य बदलले तरी वेळेचा हिशेब ठेवणाऱ्याची भाषाच कागदावर चढत गेली.

९/
हिशेब लहानसहान नव्हता. विजेचे दिवे आले तसा गिरण्यांतला दिवस सूर्यास्तापाशी संपेनासा झाला. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या प्रौढ पुरुषांना दिवसाला १२ तासांची कायदेशीर मर्यादा मिळाली ती १९११ च्या कायद्याने. त्याआधी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आज आपण ‘वीकएंड’ म्हणतो तेव्हा त्यातला निदान एक दिवस मागून, भांडून मिळवलेला आहे, हे त्या शब्दात दिसत नाही. ‘रविवारची सुटी’ या शब्दांत ते थोडेतरी दिसते.

१०/
आता व्याकरणाकडे वळू. माझ्या मते खरा पुरावा तिथे आहे. ‘मला उशीर झाला’ या वाक्यात उशीर ही घडलेली गोष्ट आहे. ती माझ्या वाट्याला आली. पाऊस असेल, आजारी मूल असेल. ‘मी लेट झालो’ या वाक्यात मात्र मीच लेट आहे. मी कर्ता झालो आणि दोषही माझ्याकडे आला. लेट मार्क लागतो तो अशा माणसाला. ‘मला लेट झालं’ असेही कानी येते. तिथे मराठीने परक्या शब्दालाही आपल्या चतुर्थीत आणून बसवले आहे. ‘टायमाला’, ‘टायमावर’ ही रूपेही तशीच घडली.

११/
आणखी एक जोडी: ‘मुदत’ आणि ‘डेडलाईन’. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ मध्ये, अँडरसनव्हिल येथील कैद्यांच्या छावणीत एक रेषा आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. ‘डेडलाईन’ हा शब्द अशा रेषेचा. ‘मुदत’ अरबी मुळाची, पण तिला ‘मुदतवाढ’ नावाचे सोयरे आहे. दोन्ही शब्द परकेच. तेव्हा देशी की परका, एवढाच प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. ‘तारखे’च्या जागी ‘दिनांक’ आणला गेला. आपण तो अर्जावर लिहितो आणि तोंडाने ‘आज तारीख काय?’ असेच विचारतो.

१२/
मराठी माणूस या घड्याळापुढे केवळ मान तुकवून बसला असेही नाही. ज्या रेल्वेने त्याला ‘लेट’ शिकवले, त्याच रेल्वेच्या डब्यात शेंगदाणे विकणारा ‘टाइमपास’ असे ओरडत जातो. कोणत्याही वहीत न चढणारी, कोणालाही हिशेब न देणारी वेळ तीच. शब्द दोन्ही इंग्रजी, अर्थ मात्र अस्सल इथला.

१३/
म्हणून ‘लेट’ला हाकलून द्या असे मी म्हणणार नाही. माझा आग्रह ‘उशीर’ जपण्याचा आहे. आज ॲपवर डिलिव्हरी करणाऱ्या आपल्याच वयाच्या मुलांची मिनिटे कोणी टाइमकीपर नव्हे, तर फोन मोजतो. पाऊस, खड्डे, बंद पडलेली लिफ्ट यांना त्या मोजणीत किती जागा आहे? ‘त्याला उशीर झाला’ हे वाक्य निदान का झाला हे विचारण्याची फट ठेवते. ‘तो लेट आहे’ म्हटले की निकाल लागलेला असतो.

१४/
लालबाग, परळ, सोलापूर, इचलकरंजी इथल्या तुमच्या आजीआजोबांना पाळीचे, भोंग्याचे, खाड्याचे शब्द विचारा आणि खाली लिहा. मस्टरमध्ये कोण किती मिनिटे लेट आला हे सापडते. त्या दिवशी त्याला उशीर का झाला, हे घरच्यांनाच ठाऊक असते.