रेओग नक्की कुणाचा? इंडोनेशियाच्या लोककलांवरून भांडण मलेशियाशी होतं, पण खरा प्रश्न घरातलाच आहे

डिसेंबर 2024 मध्ये पॅराग्वेची राजधानी असुन्सियोन इथे युनेस्कोच्या समितीची बैठक झाली. त्या एकाच बैठकीत इंडोनेशियाच्या तीन गोष्टींची 'अमूर्त सांस्कृतिक वारसा' म्हणून नोंद झाली. पूर्व जावातलं रेओग पोनोरोगो हे लोकनृत्य, केबाया हा बायकांचा पोशाख आणि उत्तर सुलावेसीमधलं कोलिंतांग हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य. त्यासोबत इंडोनेशियाच्या एकूण नोंदी 16 झाल्या आणि तिथल्या सोशल मीडियावर अभिमानाच्या पोस्टचा पाऊस पडला.

पण या तिन्ही नोंदी एकसारख्या नाहीत.

केबायाची नोंद ब्रुनेई, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड अशा पाच देशांच्या नावावर आहे. कोलिंतांग तर माली, बुर्किना फासो आणि कोत दिव्वार या आफ्रिकी देशांच्या बालाफोन वाद्याच्या नोंदीला जोडून आलं. रेओग एकट्या इंडोनेशियाचं. मात्र ते ज्या यादीत गेलं तिचं नाव आहे 'तातडीने जतन करण्याची गरज असलेला वारसा'. म्हणजे ज्या कलेचं अभिनंदन चाललं होतं, ती धोक्यात आहे हे इंडोनेशियाने स्वतःच अर्ज करून सांगितलं होतं.

2007 मध्ये काय झालं होतं?

रेओग म्हणजे पोनोरोगो जिल्ह्याची ओळख. त्यातला मुख्य कलाकार वाघाचं भलंमोठं तोंड आणि त्यावर मोरपिसांचा पंखा असलेला मुखवटा घालून नाचतो. मुखवट्याचं वजन 50 किलोच्या आसपास असतं आणि तो दातांनी धरून पेलायचा असतो. सोबतीला बांबूचे घोडे घेतलेले नर्तक, लाल मुखवट्याचा उड्या मारणारा बुजांग गानोंग आणि काळ्या कपड्यातले वारोक.

2007 मध्ये मलेशियाच्या पर्यटन प्रचारात असाच मुखवटा 'बारोंगान' या नावाने झळकला. इंडोनेशियात संताप उसळला, कलाकार जकार्तातल्या मलेशियन दूतावासासमोर जमले. त्याच वर्षी एका लोकगीतावरूनही दोन्ही देशांत जुंपली होती. 2009 मध्ये मलेशियावरच्या एका टीव्ही मालिकेच्या जाहिरातीत बालीचं पेंडेट नृत्य दिसलं आणि पुन्हा तेच. ती जाहिरात मलेशियाच्या सरकारने नव्हे, वाहिनीने केली होती. हा खुलासा होईपर्यंत रस्त्यावर झेंडे जळून झाले होते.

मलेशियाने रेओग 'चोरला' का? तर नाही. जावामधून मजुरीसाठी, व्यापारासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओलांडून जोहोरला गेली आणि जाताना आपला नाच घेऊन गेली. त्यांचे नातू-पणतू आज मलेशियाचे नागरिक आहेत आणि त्यांच्यासाठी बारोंगान घरचाच आहे. मुळात या दोन देशांमधली सीमाच बाहेरच्यांनी आखलेली. 1824 मध्ये ब्रिटिश आणि डचांनी तह करून मलय जग वाटून घेतलं. सामुद्रधुनीच्या एका बाजूला डच, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश. नाच, गाणी, कपडे, मारामारीच्या विद्या मात्र दोन्हीकडे राहिल्या.

युनेस्कोची नोंद म्हणजे मालकी नव्हे

इथे सर्वात मोठा गैरसमज आहे. अमूर्त वारशाची यादी म्हणजे पेटंट नाही की सातबारा नाही. अमुक समाज ही कला आपली मानतो आणि ती जपतो, एवढंच ती सांगते. (2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले ज्या यादीत गेले, ती जागतिक वारसा स्थळांची यादी वेगळी. गुजरातचा गरबा 2023 मध्ये गेला, ती ही.)

त्यामुळे एकच गोष्ट दोन देशांच्या नावावर असू शकते. 2019 मध्ये इंडोनेशियाचा पेंचाक सिलात आणि मलेशियाचा सिलात या दोन्ही युद्धकलांची वेगवेगळी नोंद झाली. 2020 मध्ये पांतुन या काव्यप्रकाराची नोंद दोघांनी मिळून केली. केबायाच्या वेळी आधी चार देश एकत्र आले होते आणि इंडोनेशियात 'आपण एकट्यानेच अर्ज करू' असा सूर होता. पुढे तोही सामील झाला. हे शहाणपण यायला पंधरा-सोळा वर्षं लागली, पण आलं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण देशाच्या आत आहे. 17 हजारांवर बेटं, 700 हून जास्त भाषा आणि आता 38 प्रांत असलेल्या देशात 'आपली संस्कृती' म्हणून कशाला मान द्यायचा, हे ठरवतं कोण?

सुहार्तो यांच्या राजवटीने याचं एक सोपं उत्तर शोधलं होतं. 1975 मध्ये जकार्तात 'तामान मिनी' नावाचं प्रचंड उद्यान उघडलं. प्रत्येक प्रांताला एक दालन, त्यात एक नमुन्याचं घर, एक पोशाख, ठरावीक नाच. शाळेच्या सहलीला हे झकासच. पण एका प्रांतात दहा-वीस समाज असतील तर एकाचाच चेहरा सगळ्यांवर चढतो. बाकीचे दिसतच नाहीत.

काहींना तर मुद्दाम बाहेर ठेवलं गेलं. 1967 च्या एका अध्यक्षीय आदेशाने चिनी वंशाच्या नागरिकांचे सण, विधी सार्वजनिकरीत्या साजरे करायला बंदी आली. सिंहनृत्य रस्त्यावरून गायब झालं, जावातल्या चिनी मंदिरांमधला 'पोतेही' हा हातमोज्याच्या बाहुल्यांचा खेळ आक्रसला. हा आदेश अब्दुररहमान वाहिद यांनी 2000 मध्ये मागे घेतला आणि 2003 पासून चिनी नववर्षाला राष्ट्रीय सुट्टी मिळू लागली. मधली 33 वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी. त्या पिढीला जे शिकताच आलं नाही, ते बंदी उठल्याने परत येत नाही.

रेओगही यातून सुटला नाही. साठच्या दशकात राजकीय पक्षांचे स्वतःचे रेओग संच असत. 1965 नंतर कम्युनिस्टांविरुद्ध हत्याकांड झालं, तेव्हा डाव्यांशी जोडलेले कलाकार मारले गेले, तुरुंगात गेले. आज पर्यटनाच्या पोस्टरवर मोरपिसं असतात, हा इतिहास नसतो.

प्रसिद्धी मिळते, पण कोणाला?

सामान हे नृत्य बघा. आचे प्रांतातल्या गायो डोंगराळ भागातले पुरुष गुडघ्यावर ओळीने खेटून बसतात आणि छाती, मांड्या, टाळ्या यांच्या तालावर विजेच्या वेगाने हलतात. 2011 मध्ये ते युनेस्कोच्या त्याच 'तातडीच्या' यादीत गेलं. 2018 च्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात जकार्ताच्या सुमारे 1,600 शाळकरी मुलींनी बसूनच केलेला असाच एक नाच जगभर व्हायरल झाला आणि लोक त्याला 'सामान' म्हणू लागले. तो होता 'रातोह जारो', आचेचाच पण निराळा प्रकार. नाव सामानचं गाजलं, गायोच्या गावांतल्या नाचाचं काय, हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही.

बाटिकचंही तेच. 2009 मध्ये नोंद झाली, 2 ऑक्टोबर हा राष्ट्रीय बाटिक दिन ठरला, सरकारी कचेऱ्यांत बाटिक घालण्याची पद्धत रुळली. खरं बाटिक म्हणजे 'चांतिंग' नावाच्या बारीक तोटीच्या अवजाराने वितळलेलं मेण कापडावर ओतत नक्षी काढायची, रंगवायचं, मेण उतरवायचं आणि पुन्हा तेच. एका कापडाला महिने लागतात. बाजारात मात्र बाटिकची नक्षी छापलेलं गिरणीचं कापड ढिगाने मिळतं. ते स्वस्त असतं, दिसायला तसंच असतं आणि बाटिक दिनाला तेही अभिमानाने घातलं जातं. मेण हातात धरणाऱ्या बाईला त्यातलं काही मिळत नाही.

पापुआतल्या झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेल्या 'नोकेन' पिशवीची कथा आणखी निराळी. ती 2012 मध्ये तातडीच्या यादीत गेली. पण त्याआधीच, 2009 मध्ये, घटनात्मक न्यायालयाने पापुआच्या डोंगराळ भागात मतपेटीऐवजी नोकेन वापरायला मान्यता दिली होती. संग्रहालयातली वस्तू आणि वापरातली वस्तू यातला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

आता नवं मंत्रालय

2017 मध्ये इंडोनेशियाने संस्कृती संवर्धनाचा कायदा केला. त्याची चांगली बाजू अशी की कोणत्या कला आहेत आणि त्यांना काय अडचण आहे, याचा अहवाल जिल्ह्यांकडून वर यायचा असतो. जकार्ताने ठरवून खाली पाठवायचं नाही. त्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने सहा मान्य धर्मांबाहेरच्या पारंपरिक श्रद्धा ओळखपत्रावर नोंदवायला परवानगी दिली. अनेक विधी आणि नाच ज्या श्रद्धांमधून येतात, त्या लोकांना कागदावर जागा मिळाली.

ऑक्टोबर 2024 मध्ये अध्यक्ष प्राबोवो सुबियांतो यांनी संस्कृतीसाठी स्वतंत्र मंत्रालय केलं आणि ते फाडली झोन यांच्याकडे दिलं. कलाकारांची ही जुनी मागणी होती. पण 2025 मध्ये मंत्रालय गाजलं ते भलत्याच कारणांनी. 1998 च्या दंगलीत चिनी वंशाच्या स्त्रियांवर झालेल्या सामूहिक बलात्कारांच्या पुराव्यांवरच झोन यांनी शंका घेतली आणि महिला संघटना, इतिहासकार खवळले. मग 17 ऑक्टोबर हा राष्ट्रीय संस्कृती दिन जाहीर झाला. 1951 मध्ये याच तारखेला 'वेगळे असूनही एक' अशा अर्थाच्या घोषवाक्यासह राष्ट्रचिन्हाचा नियम झाला होता, असं कारण देण्यात आलं. तो प्राबोवो यांचा वाढदिवसही आहे. हा योगायोग असल्याचं मंत्रालयाने सांगितलं, त्यावर मीम बनायचे ते बनलेच.

पोनोरोगोत मात्र काम वेगळंच उरलं आहे. 50 किलोचा मुखवटा दातांनी उचलायला पोरं तयार करायला वर्षं लागतात, मुखवटा बनवणारे कारागीर हवेत आणि संच चालवायला पैसा हवा. तातडीच्या यादीत गेलेल्या कलेसाठी काय केलं, याचा अहवाल देशाला दर चार वर्षांनी युनेस्कोला द्यावा लागतो. रेओगचा पहिला अहवाल 2028 च्या सुमाराला जाईल. मलेशियाशी भांडून त्यातला एकही रकाना भरता येणार नाही.