पऱ्हाटीचं ख्रिसमस झाड

परवा लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली. ख्रिसमससाठी मुलांनी स्वतः बनवलेली एक वस्तू आणायची. मग काय, काहींनी दुकानातून तयार तारे आणले, काही आयांनी रात्री जागून स्वतःच बनवले. मुलांचे हात कुठेच नाहीत!

आणि हे आपल्या वर्ध्यात! १९३७ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथेच शिक्षण परिषद भरली आणि हातांनी काम करत शिकण्याची 'नई तालीम' पुढे आली. इथल्याच मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम उभारणारे जे. सी. कुमारप्पा तर स्वतः ख्रिस्ती होते.

आम्ही मावशीच्या शेतावरून सरपणातली पऱ्हाटी आणली आणि कुंडीत रोवली. सरकी काढून पिंजलेला कापूस म्हणजे आमचा बर्फ. कापूस वेचल्यावर उरलेलं बोंडाचं कवच नीट बघा, आयती चांदणीच असते. टोकं तेवढी टोचतात. त्याला चुना फासला, दोरा बांधला, झालं. जुन्या लग्नपत्रिकांचे तारे कापले. खर्च शून्य. मेणबत्ती मात्र जवळ नको, कापूस आहे!

झाड एका बाजूला कललं. माझे हात शिवशिवले, तर लेक म्हणाली, "राहू दे ना आई, वारा सुटलाय त्याला."

मी हात मागे घेतला. सरळ केलं असतं तर ते माझं झाड झालं असतं. मुलांना सामान द्यावं, वेळ द्यावा आणि मग गप्प बसावं. हे शेवटचंच सगळ्यात अवघड, नाही का?

असो. नाताळच्या शुभेच्छा!