पदक गावाचे, संशय एकटीचा

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावा आला आणि 2018 साली आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्याने सुवर्णपदक मिळविले. पाण्याचे दुर्भिक्ष सोसणाऱ्या मुलखातील, विहिरी खोदणारा तरुण पाण्यावरच्या शर्यतीत जगापुढे उभा राहिला, याचा तालुक्याला वाटलेला अभिमान रास्तच होता. खेळाडू जिंकला की त्याचे गावही जिंकते. परंतु ‘तू खरोखर पुरुष आहेस काय?’ असा प्रश्न दत्तूला कोणी विचारला नाही. तो प्रश्न केवळ स्त्रीसाठी राखून ठेवलेला आहे.

ही परंपरा जुनी आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 100 मीटर्सची शर्यत अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या फुल्टन गावची हेलन स्टीफन्स हिने जिंकली. पोलंडकडून धावणारी स्टेला वॉल्श दुसरी आली. लगेच स्टीफन्स ही पुरुष असल्याचा आरोप झाला आणि ती स्त्रीच असल्याची ग्वाही अधिकाऱ्यांना द्यावी लागली. दैवगती अशी की, 1980 साली क्लीव्हलंड येथे दरोडेखोरांच्या गोळीने वॉल्श मरण पावली तेव्हा शवविच्छेदनात तिच्याच शरीरात स्त्री आणि पुरुष या दोन्हींच्या खुणा आढळल्या. निसर्ग आपली विभागणी क्रीडासंघटनांच्या रकान्यांप्रमाणे करीत नाही, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडील उदाहरणे अधिक बोचरी आहेत. तामिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यातील गरीब घरातली शांती सौंदरराजन 2006 साली दोहा येथील आशियाई स्पर्धेत 800 मीटर्समध्ये दुसरी आली. चाचणीनंतर तिचे रौप्यपदक काढून घेण्यात आले आणि तिच्या शरीराची चर्चा वृत्तपत्रांतून देशभर झाली. तिने कोणतेही उत्तेजक द्रव्य घेतले नव्हते. तरीही पुढे तिच्यावर वीटभट्टीवर मजुरी करण्याची पाळी आली. ओरिसातील एका विणकराची मुलगी दुती चंद हिला 2014 साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळण्यात आले. तिने मात्र आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली. 2015 साली लवादाने तो नियम स्थगित केला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिने 100 व 200 मीटर्समध्ये रौप्यपदके मिळविली.

दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. स्त्रियांच्या शर्यती वेगळ्या ठेवल्या आहेत त्या शारीरिक सामर्थ्यातील फरकामुळेच. वर्षानुवर्षे पहाटे उठून सराव करणाऱ्या इतर मुलींनाही न्याय हवा, आणि म्हणून काही नियम असणे अपरिहार्य आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने 1 सप्टेंबर 2025 पासून स्त्री-गटातील खेळाडूंना एका विशिष्ट जनुकाची चाचणी आयुष्यातून एकदा सक्तीची केली आहे. तथापि जनुक सापडले म्हणजे प्रश्न सुटला, असे विज्ञान म्हणत नाही. काही स्त्रियांच्या ठायी ते जनुक असूनही त्यांचे शरीर पुरुषी संप्रेरकाला प्रतिसादच देत नाही. नियमालाही अशा स्त्रियांसाठी अपवाद करावा लागला आहे.

तेव्हा खरा प्रश्न चाचणी असावी की नसावी एवढाच नाही. चाचणीनंतर त्या मुलीचे काय, हा आहे. आपले शरीर वेगळे आहे हे जिला विशीत प्रथमच कळते, तिने कोणतीही लबाडी केलेली नसते. चाचणीचा अर्थ तिला तिच्या भाषेत आधी समजावून सांगणे, अहवाल गुप्त राखणे, समुपदेशन व वकील उपलब्ध करून देणे आणि ती अपात्र ठरली तरी तिची नोकरी व शिक्षण यांना धक्का लागू न देणे, ही क्रीडासंघटनांची आणि शासनाची जबाबदारी आहे. अहवाल फोडणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. जिल्हा पातळीवरील मार्गदर्शकांना आणि शाळेतील क्रीडाशिक्षकांना या विषयाचे ज्ञान देणे हेही याच कामाचा भाग होय. खेळाडू मुलीच्या चालण्याबोलण्यावरून, केसांवरून वा आवाजावरून होणारी कुजबुज प्रथम शाळेच्या मैदानावरच थांबवावी लागेल.

चांदवडला या प्रश्नाचे सोयरसुतक असण्याचे आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन याच गावी भरले होते. खेड्यापाड्यांतून लक्षावधी स्त्रिया तेथे आल्या होत्या, आणि स्त्रीला प्रथम माणूस म्हणून मान्यता मिळावी हा त्या मेळ्याचा आशय होता. त्या स्त्रियांच्या नाती आज मैदानावर धावत आहेत. उद्या त्यांच्यापैकी एखादी आंतरराष्ट्रीय शर्यतीत उतरेल आणि तिच्या हाती एखादा बंद लिफाफा पडेल. पदक आणले असते तर तिची मिरवणूक काढणाऱ्या गावाने त्या दिवशीही तिच्या दारी जावे. विजयाच्या दिवशी ती गावाची लेक असेल, तर संशयाच्या दिवशी ती परकी कशी ठरते?